कशिद्याची परतीची वाट

कर्नाटकी कशिदा काढणाऱ्या बाईच्या हाती दुसऱ्या कुणाचे काम दिले, की ती कापड आधी उलटे करते. सुलट बाजूवरचा रथ, अंबारीचा हत्ती, तुळशीवृंदावन यांचे कौतुक मागाहून होते. मागे कुठे गाठ आहे का, दोरा एका नमुन्यावरून दुसऱ्याकडे तिरका ओढून नेला आहे का, हे ती प्रथम पाहते. तिऱ्हाइताला हा फाजील चिकित्सकपणा वाटेल. मैत्रिणींमध्ये मात्र 'उलटी बाजू दाखव' असे म्हणणे हा आपुलकीचाच भाग असतो. जिची उलटी बाजू सुलटीसारखी दिसते तिच्याकडून काही शिकण्यासारखे आहे, हे दोघींनाही ठाऊक असते.

एरवीच्या भरतकामाची मागची बाजू म्हणजे घराची मागची पडवी. तिथे पसारा असणारच, आणि पाहुण्याला ती कुणी मुद्दाम दाखवीत नाही. कर्नाटकी कशिद्याला मात्र अशी पडवीच नाही. त्याच्या चार टाक्यांपैकी दोन टाके कापडाच्या दोन्ही अंगांना अगदी सारखे उमटतात. कापडावर आधी काही रेखाटायचे नाही, गाठ मारायची नाही आणि धागे मोजून पुढे जायचे, या तीन अटी पाळल्या तरच ते साधते. हे कसब नुसत्या चित्रावरून शिकणे अवघड का जाते आणि त्यासाठी शेजारी बसलेली मैत्रीण का लागते, याचे कारण केवळ हौस किंवा परंपरा नव्हे. ते टाक्याच्या रचनेतच दडलेले आहे.

नाव दोन, घर एकच

मराठी घरांमध्ये ज्याला 'कर्नाटकी कशिदा' म्हणतात, त्याला कन्नडमध्ये 'कसूती' असे नाव आहे. 'कै' म्हणजे हात आणि 'सूती' म्हणजे सुताचे काम, अशी या शब्दाची फोड केली जाते. आपला 'कशिदा' हा शब्द फारसीतून आलेला असून त्याच्या मुळाशी ओढणे, रेखणे हा अर्थ आहे. गंमत अशी, की मराठीत कशिदा शिवत नाहीत की भरत नाहीत. तो 'काढतात', जशी रांगोळी काढतात. ठिपके मोजून रेषा जोडत जाण्याची रीतही दोन्हीकडे सारखीच आहे. रांगोळी पुसली जाते आणि कशिदा कापडाबरोबर टिकतो, एवढाच काय तो फरक.

धारवाड, हुबळी, बेळगाव, विजापूर, बागलकोट हा या कशिद्याचा मुलूख. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत हा भाग मुंबई राज्यातच होता. लग्नसंबंध, बदल्या, व्यापार या निमित्तांनी सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या घरांत धारवाडकडच्या सुना आल्या आणि इकडच्या लेकी तिकडे नांदायला गेल्या. त्यांच्याबरोबर लुगड्यांच्या घडीतून हे नमुनेही आले-गेले. इरकल हे बागलकोट जिल्ह्यातील गाव. तिथली इरकली लुगडी महाराष्ट्रातील बायकांनी पिढ्यानपिढ्या नेसली. या लुगड्याचा तांबडा पदर आणि गडद अंग ही कशिद्याची जुनी जागा. पदराजवळ गोपूर, रथ, पालखी असे मोठे नमुने घ्यायचे आणि पदरापासून दूर जाताना ते लहान करीत न्यायचे, अशी पद्धत आहे. काळी चंद्रकळा ही त्याची दुसरी आवडती जागा. उत्तर कर्नाटकात नवरीच्या कपड्यांत कशिदा काढलेली काळी रेशमी चंद्रकळा असावी, असा रिवाज होता. बाळाच्या कुंचीवर आणि खणाच्या चोळीवरही हे काम होत असे.

या कलेचे नाते थेट चालुक्य काळाशी जोडण्याची प्रथा आहे. ते खरे असेलही. पण कापड ही दगडासारखी टिकणारी वस्तू नव्हे, त्यामुळे मंदिरांच्या शिल्पांइतका भक्कम पुरावा कापडाकडून मागता येत नाही. नमुन्यांमध्ये मंदिरे मात्र भरपूर आहेत. गोपूर, नंदी, शंख, कमळ, दीपमाळ, तुळशीवृंदावन हे देवळाच्या आवारातले. मोर, पोपट, हरीण हे परसातले आणि रानातले. पाळणा, पालखी हे घरातले. बाईच्या नजरेच्या टप्प्यात जे जे आले, ते ते धाग्यांच्या चौकटीत बसले, असेच म्हणावे लागेल.

चार टाके

गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे हे चार टाके. पैकी मेंथी म्हणजे आपल्या परिचयाचा फुलीचा टाका. मेथीच्या दाण्यावरून त्याला हे नाव पडले. हत्तीचे अंग किंवा रथाचा मधला भाग भरून काढायला तो वापरतात. नेगी हा विणल्यासारखा दिसणारा टाका आहे. तो कमी-अधिक लांबीच्या धावदोऱ्याने काढला जातो आणि लांबून पाहणाऱ्याला नक्षी मागावरच विणली असावी असे वाटते. या दोन टाक्यांची मागची बाजू पुढच्यासारखी नसते. नेगीत तर जे पुढे दिसते त्याच्या नेमके उलट मागे दिसते. त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या नसलेले प्रत्येक काम खोटे, असा निष्कर्ष कुणी काढू नये.

खरी करामत गवंती आणि मुरगीची. गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा. साधा धावदोरा घालताना एक टाका वर आणि एक टाका खाली पडतो, म्हणजे वरून पाहिले तर तुटक रेघ दिसते. रेघ संपली की सुई वळवायची आणि त्याच छिद्रांतून परत यायचे. जाताना जिथे वर टाका पडला होता तिथे येताना खाली पडतो, आणि खाली पडला होता तिथे वर. तुटक रेघेतल्या फटी अशा भरून निघतात आणि दोन्ही बाजूंना अखंड रेघ तयार होते. मुरगी हे याच टाक्याचे पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारे रूप आहे. वाचताना हे इतके सोपे वाटते, की यात शिकण्यासारखे काय आहे, असा प्रश्न पडावा.

नमुना सरळ रेघेचा असता तर तो प्रश्न रास्तच होता. पण गोपुराला कळस असतो, कळसाला दोन्हीकडे पताका असतात. मोराला तुरा असतो, झाडाला फांद्या असतात. मुख्य रेघेतून अशी फांदी फुटली, की काढणारीपुढे पर्याय उभा राहतो. आताच फांदीवर जाऊन यायचे, की सरळ पुढे जाऊन ती परतीच्या वेळेसाठी ठेवायची? चुकीच्या वेळी चुकीचा पर्याय घेतला, तर दोरा अशा ठिकाणी येऊन थांबतो जिथून पुढे जायला काढलेली वाट उरलेली नसते आणि समोर अर्धी पताका रिकामी दिसत असते. मग दोनच मार्ग राहतात. मागून दोरा ओढून तिथपर्यंत न्यावा, म्हणजे उलटी बाजू बिघडली. किंवा दोरा तोडून नव्याने सुरू करावा, म्हणजे टोके लपवण्याची डोकेदुखी वाढली. निष्णात बाई असे काही करीत नाही. कुठे वळायचे हे तिला पहिला टाका घालण्यापूर्वीच ठाऊक असते.

पूर्ण झालेल्या कामातून मात्र हे कळत नाही. दोन्ही बाजू सारख्या, गाठ नाही, दोऱ्याचे टोक त्याच रेघेतल्या टाक्यांखाली दडपलेले. सुरुवात कोठून झाली, फांदी जाताना काढली की येताना, याची खूणच उरत नाही. साध्या भरतकामाचे कापड उलटे केले, की मागच्या पसाऱ्यावरून अनुभवी नजरेला क्रम उलगडता येतो. इथे काम जितके चांगले, तितकी वाट पुसलेली. म्हणूनच ही वाट सांगायला ती चाललेली बाईच लागते, आणि तीही सुई हातात घेऊन शेजारी बसलेली.

दुपारची शाळा

कशिद्याच्या बैठका दुपारी भरत. जेवणे आटोपलेली, भांडी घासून झालेली आणि मुले शाळेत. दिवेलागणीपूर्वीचे हे दोन-तीन तास बायकांच्या हक्काचे. याला प्रकाशाचेही कारण आहे. काळ्या चंद्रकळेवर धागे मोजायचे तर भर उजेड हवा. कंदिलाच्या उजेडात काळे कापड म्हणजे नुसता अंधार. त्यामुळे ओसरीची किंवा खिडकीजवळची जागा ज्येष्ठ बाईला दिली जाई. तिची नजर मंदावली असली, तर सुईत दोरा ओवून देण्याचे काम घरातल्या लहान मुलीकडे येई. बसल्या बसल्या ती मुलगी मोजणी ऐकत राही. शिक्षणाची सुरुवात ही अशी.

मोजणी हा या बैठकीचा कणा आहे. 'धागा' म्हणजे कापडाचा आणि 'दोरा' म्हणजे सुईतला, हा फरक इथे कटाक्षाने पाळावा लागतो. प्रत्येक टाका ठरलेल्या संख्येचे धागे ओलांडतो. एखाद्या टाक्याने एक धागा जास्त घेतला, तर त्या क्षणी काहीही बिघडल्याचे दिसत नाही. चूक कळते ती पंधरा-वीस टाक्यांनंतर, रथाचे चाक जुळवायची वेळ आल्यावर. दोन टोके समोरासमोर येतात आणि मध्ये एका धाग्याचे अंतर राहते. काढणारीला आपली चूक लवकर दिसत नाही, कारण तिची नजर सुईच्या टोकावर असते. शेजारणीला ती दिसते. 'अगं, खाली बघ, तिथे एक धागा जास्त गेलाय,' हे वाक्य वेळेवर ऐकू आले तर चार टाके उसवावे लागतात. उशिरा आले तर सगळे चाक.

देवाणघेवाणीचे काही अलिखित नियमही असतात. नमुना मागितला तर नाही म्हणायचे नाही. तो कुणाच्या मालकीचा नसतो; फार तर 'हा आमच्या आत्याबाईंचा पोपट' एवढी ओळख सांगितली जाते. घेणारीने तो जसाच्या तसा काढावा असाही आग्रह नसतो. एकीचा पोपट दुसरीकडे जाऊन जरा लठ्ठ होतो आणि तिसरीकडे त्याच्या चोचीत पेरू येतो. वाट सांगताना मात्र तडजोड नसते. सांगणारी बाई बोटाने दाखवते, शिकणारी तोच नमुना कापडाच्या तुकड्यावर तिच्यासमोर काढते आणि मग कापड उलटे केले जाते.

असे तुकडे जुन्या घरांत अजून सापडतात. प्रस्तुत लेखिकेच्या आईच्या ट्रंकेत पांढऱ्या मॅटीचा एक हातभर लांबीचा पट्टा आहे. त्यावर कशिद्याचे बारा-पंधरा नमुने ओळीने काढलेले असून ते एका हातचे नाहीत, हे कुणालाही सांगता येईल. काहींचे टाके घट्ट, काहींचे सैल. दोन नमुने जांभळ्या दोऱ्यातले, कारण त्या मैत्रिणीकडे त्या दिवशी तेवढाच दोरा शिल्लक होता. हा पट्टा म्हणजे आईची वही. एका कोपऱ्यात अंबारीचा हत्ती अर्धा राहिलेला आहे. सोंड, पाय, अर्धी अंबारी झाली आणि ज्या मैत्रिणीकडून तो घेत होती तिच्या यजमानांची बदली झाली. पुढचा हत्ती कसा दिसतो हे आईला ठाऊक होते. तो तिने पदरांवर कितीदा पाहिला होता. अंबारीवरून परत कसे यायचे, तेवढे मात्र राहून गेले. हट्टाने दोनदा काढून पाहिले आणि दोन्ही वेळा उसवले. त्याची छिद्रे मॅटीवर अजून दिसतात.

नमुन्यांच्या या तुकड्यांचे नातेवाईक जगभर आहेत. इंग्लंडमध्ये त्यांना 'सॅम्पलर' म्हणतात. तारीख असलेला सर्वांत जुना ज्ञात इंग्रजी सॅम्पलर १५९८ सालचा असून तो जेन बॉस्टॉक या बाईने काढलेला आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तो पाहायला मिळतो. गवंतीचा टाकाही तिकडे परका नाही. युरोपात त्याला 'होल्बाइन टाका' म्हणतात. हान्स होल्बाइन हा सोळाव्या शतकातील चित्रकार. तो शिंपी नव्हता की भरतकाम करणाराही नव्हता. इंग्लंडच्या राजघराण्यातील व्यक्तींची चित्रे काढताना त्याने कपड्यांवरचे काम इतके बारकाईने रंगवले, की टाक्याला त्याचेच नाव चिकटले. १५३६च्या सुमारास त्याने काढलेले राणी जेन सीमोरचे चित्र व्हिएन्नात आहे. त्यात तिच्या बाह्यांच्या कफांवर काळ्या दोऱ्याची नक्षी स्पष्ट दिसते. चित्रकाराचे नाव टाक्याला मिळाले आणि ते कफ ज्या कुणी काढले तिचे नाव राहिले नाही, ही गोष्ट जाता जाता नोंदवावीशी वाटते. धारवाडचा टाका आणि लंडनचा टाका यांत कुणी कुणाकडून घेतले, या वादात शिरण्याचे कारण नाही. ताणे-बाणे दिसणारे कापड आणि सुई-दोरा असला, की जाऊन परत येण्याची युक्ती माणसाला एकाहून अधिक ठिकाणी सुचू शकते.

फांदीचे गणित

वाट सापडतेच का, की काही नमुने मुळातच अशक्य असतात, हा प्रश्न कशिदा काढणाऱ्या बायकांना पडत आला आहे. गणिताने त्याचे उत्तर दिले आहे आणि ते दिलासा देणारे आहे. अठराव्या शतकात क्योनिग्सबर्ग या शहरातील सात पुलांचे एक कोडे प्रसिद्ध होते: प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतील काय? लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७३६ च्या सुमारास ते शक्य नसल्याचे दाखवले. ज्या चौकांत विषम संख्येने रस्ते येतात असे चौक दोनपेक्षा अधिक असले, की अशी फेरी जमत नाही. गवंतीत मात्र प्रत्येक रस्ता दोनदा चालायचा असतो, एकदा वरून आणि एकदा खालून. त्यामुळे प्रत्येक चौकातील रस्त्यांची संख्या आपोआप सम होते. ज्या नमुन्याच्या सगळ्या रेघा एकमेकींना जोडलेल्या आहेत असा कोणताही नमुना एकाच दोऱ्याने, न तोडता, सुरुवातीच्या छिद्राशी परत येऊन पूर्ण करता येतो. भरतकाम आणि गणित यांची सांगड घालणारा 'मेकिंग मॅथेमॅटिक्स विथ नीडलवर्क' हा ग्रंथ २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जोशुआ होल्डन यांनी होल्बाइन टाक्याच्या भरतकामाचा याच अंगाने विचार केला आहे.

वर-खाली हा क्रम फांदीवर जाऊन आल्यावर बिघडत कसा नाही, तेही पाहण्यासारखे आहे. फांदी तीन टाक्यांची असो वा सात टाक्यांची. जाऊन येताना टाके दुप्पट होतात, म्हणजे समच. सम टाके घालून मूळ चौकात परत आल्यावर सुई कापडाच्या त्याच बाजूला असते, जिथे ती फांदीवर जाण्यापूर्वी होती. त्यामुळे मुख्य रेघेचा क्रम जणू काही मध्ये काही घडलेच नाही असा पुढे चालू राहतो. धारवाडच्या आज्जींनी हे 'गेलीस त्याच वाटेने परत ये' एवढ्याच शब्दांत सांगितले, तरी सिद्धांत तोच.

म्हणजे आईच्या मॅटीवरच्या हत्तीला वाट आहे, हे निश्चित. पण गणित वाट असल्याची खात्री देते. अनेक वाटांपैकी हाताला सोपी कोणती, दोरा कमी लागेल अशी कोणती आणि मोजणी चुकली तर लवकर लक्षात येईल अशी कोणती, हे ते सांगत नाही. ते पिढ्यांनी चालून चालून ठरवलेले असते. आज आलेखाच्या कागदावर बाण आणि आकडे घालून ही वाट लिहून ठेवण्याचे प्रयत्न होतात, आणि ते स्तुत्यच आहेत. मोबाइलवर मैत्रिणीला नमुन्याचे छायाचित्र पाठवणे तर रोजचेच झाले आहे. मात्र छायाचित्रात पूर्ण झालेला नमुना जातो. त्याच्या शेजारी पहिल्या वीस टाक्यांचा क्रम लिहून पाठवणारी मैत्रीण विरळा. पाठवायचेच असेल तर ते पाठवावे.

यंत्र, मानांकन आणि मोबदला

बाजारात 'कसूती डिझाइन' या नावाने मिळणाऱ्या साड्या आणि कुर्त्यांपैकी पुष्कळांवर यंत्राचे भरतकाम असते, तर काहींवर निव्वळ छपाई. यंत्राचे काम वाईट असते असे नाही. ते स्वस्त आहे, एकसारखे आहे आणि ज्याला तेवढेच हवे त्याने ते खुशाल घ्यावे. प्रश्न येतो तो यंत्राचे काम हातकामाच्या किमतीला विकले जाते तेव्हा. ओळखण्याचा उपाय मात्र साधा आहे आणि तो या लेखाच्या पहिल्याच वाक्यात आला आहे. शिवणयंत्र दोन दोऱ्यांवर चालते. एक वरून येतो, दुसरा खालच्या बॉबिनमधून. हे दोन दोरे कापडात एकमेकांत अडकतात. त्यामुळे मागच्या बाजूला दुसराच दोरा दिसतो आणि बहुधा खाली अस्तराचा कागद किंवा जाळीही चिकटलेली असते. सुई परत फिरवून एकाच दोऱ्याने दोन्ही बाजू भरणे हे नेहमीच्या यंत्राचे काम नव्हे. दुकानात पदर उलटून पाहायला संकोच करू नये.

कसूतीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळाले. भारतात यासंबंधीचा कायदा १९९९ मध्ये संमत झाला आणि सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. या मानांकनाने 'कसूती' हे नाव आणि त्याचा मुलूख यांना संरक्षण मिळते. नावाचा गैरवापर झाला तर दाद मागता येते, ही मोठी गोष्ट आहे. तरीही नाव वाचले म्हणून काम करणारे हात वाचतात असे नाही. मोराचा आकार उचलून, त्याला कसूती न म्हणता, यंत्रावर काढणाऱ्याला हा कायदा फारसा अडवू शकत नाही.

हात टिकण्याचा प्रश्न अखेर मोबदल्याशी येऊन थांबतो. ही कला घराघरांत वाढली ती विकण्यासाठी नव्हे. लेकीसाठी, सुनेसाठी, मैत्रिणीच्या बाळासाठी. त्या वेळी तासांचा हिशेब कुणी ठेवला नाही. तीच कला बाजारात आली तेव्हा बेहिशेबी वेळेची ती सवयही तिच्याबरोबर आली. काम घरी नेऊन करणाऱ्या बाईला पैसे बहुधा नमुन्यावर किंवा नगावर मिळतात. उसवण्यात गेलेली दुपार त्यात धरली जात नाही, दुसरीला वाट शिकवण्यात गेलेली दुपार तर नाहीच. साडी महाग का, असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाने भर उजेडात बसून एखादे चाक स्वतः काढून पाहावे, म्हणजे प्रश्नाचा सूर बदलेल. शिकवण्याचे काम मैत्रीत फुकट झाले म्हणून ते बाजारातही फुकटच व्हावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. शिकवणाऱ्या बाईला शिकवण्याचे वेगळे मानधन देणारी केंद्रे जितकी अधिक निघतील, तितक्या अधिक वाटा शिल्लक राहतील, असे वाटते.

पहिली फणी

ज्यांना हात घालून पाहायचा आहे त्यांनी एकदम चंद्रकळेवर जाऊ नये. पांढरे किंवा बदामी रंगाचे मॅटीचे कापड घ्यावे. त्याची छिद्रे नजरेला स्पष्ट दिसतात. सहापदरी दोऱ्याच्या लडीतून दोन पदर वेगळे काढावेत. सुई बोथट टोकाची असावी, म्हणजे ती छिद्रातूनच जाते आणि आधीचा दोरा चिरत नाही. दोरा हातभराहून लांब नको. लांब दोरा पिळतो.

पहिला नमुना फणीचा घ्यावा, म्हणजे सहा टाक्यांची आडवी रेघ आणि तिच्या मधल्या पाच जोडांवर एकेक टाक्याचा उभा दात. पहिला आडवा टाका वरून घातला, की सुई कापडाखाली जाते. आता पुढे न जाता दातावर चढावे. खालून वर जाऊन दाताच्या टोकाशी सुई वर काढावी आणि वरच्या बाजूने खाली उतरून पुन्हा त्याच जोडात घालावी. दात दोन्ही बाजूंनी पूर्ण झाला आणि सुई होती तिथेच, कापडाखाली आहे. दुसरा आडवा टाका त्यामुळे खालून जाईल आणि सुई दुसऱ्या जोडात वर येईल. इथला दात चढताना वरून आणि उतरताना खालून होईल. असे करीत सहाव्या टाक्याच्या शेवटी पोचलो, की सगळे दात भरलेले आणि आडव्या रेघेत एकाआड एक फटी राहिलेल्या दिसतील. आता दातांकडे न पाहता सरळ परत यावे. फटी भरून निघतील आणि दोरा निघाला होता त्याच छिद्राशी येऊन थांबेल.

मग शेजारी जी कुणी बसली असेल तिच्या हाती कापड द्यावे. ती ते उलटे करीलच. दात एखाद्या जोडात सुटला असेल किंवा फट राहिली असेल, तर तेवढेच टाके उसवावेत आणि उसवायलाही तीच बोथट सुई वापरावी. कात्री लावू नये.